कोरेगावची ४२५० किलो हळद १८१ किलो का होते? सी भाषेत मजकूर कॉपी करताना होणारे बिघाड

लक्षण असं असतं. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानासाठी सी भाषेत पट्टी छापणारा छोटा प्रोग्रॅम लिहिलेला आहे. शेतकऱ्याचं गाव घ्यायचं, हळदीचं वजन घ्यायचं, छापायचं. मिरजेची पट्टी बरोबर येते, तासगावची येते, सांगलीची येते. कोरेगावचा माल आला की ८५ पोत्यांचं ४२५० किलो वजन पट्टीवर १८१ किलो होतं. कवठेमहांकाळचा आला की वजन उणे २१० कोटींच्या घरात जातं, नाहीतर प्रोग्रॅमच बंद पडतो. मग वजनाचा कोड दहा वेळा तपासला जातो आणि त्यात काहीच सापडत नाही. सापडणारही नाही, कारण चूक गावाचं नाव कॉपी करणाऱ्या ओळीत आहे.

पुढे फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत आणि आकडेही देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना स्पेलिंग हेडर फाइलमधलंच वापरायचं.

बिघाडाचा कोड साधारण असा असतो:

    स्ट्रक्ट नोंद {
        चार गाव[२०];
        इंट वजन;
    };

    न.वजन = ४२५०;
    स्ट्रकॉपी(न.गाव, नाव);

गावासाठी २० बाइट, आणि त्यांना चिकटूनच वजनाचे ४ बाइट. स्ट्रकॉपी नाव जसंच्या तसं तिथे उतरवतं, जागा किती आहे ते बघत नाही. कोड लिहिणाऱ्याने "गावाचं नाव काही २० अक्षरांचं नसतं" असा हिशोब केलेला असतो. इंग्रजी स्पेलिंगला तो चालतोही. देवनागरीला चालत नाही, कारण यूटीएफ-८ मध्ये (मजकूर बाइटांत साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. चिन्ह आणि आपण बोटांवर मोजतो ते अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजायचे. मिरज म्हणजे म, वेलांटी, र, ज: ४ चिन्हं, १२ बाइट. सांगली म्हणजे ६ चिन्हं, १८ बाइट. तासगावही १८. शेवटच्या नल बाइटसह (मजकूर संपल्याची खूण असलेला शून्य किमतीचा बाइट) १९ झाले, २० मध्ये बसले. कोरेगाव म्हणजे क, ओकार, र, एकार, ग, काना, व: ७ चिन्हं, २१ बाइट, नल धरून २२. दोन बाइट गावाच्या २० बाइटांच्या खणाबाहेर गेले.

ते दोन बाइट कुठे गेले हे पाहिलं की १८१ चं कोडं सुटतं. "व" चे तीन बाइट दशमानात २२४, १६४, १८१ असे आहेत. पहिले दोन गावाच्या खणातल्या शेवटच्या दोन जागांत बसले. तिसरा, १८१, वजनाच्या पहिल्या बाइटवर बसला आणि त्यामागचा नल दुसऱ्या बाइटवर. नेहमीच्या इंटेल-एएमडीच्या मशीनवर पूर्णांकाचा कमी किमतीचा बाइट आधी ठेवला जातो, म्हणजे ४२५० हे मेमरीत १५४, १६, ०, ० असं असतं (१६ गुणिले २५६ अधिक १५४). त्याचं झालं १८१, ०, ०, ०. म्हणून कोरेगावची पोती ८५ असोत की १८, वजन ६५,५३५ किलोपर्यंत काहीही असलं तरी पट्टीवर १८१ च येतं.

हा बिघाड कवठेमहांकाळच्या बिघाडापेक्षा जास्त घातक आहे. कवठेमहांकाळची ११ चिन्हं, ३३ बाइट, नलसकट ३४. त्यातले ४ वजनावर जातात आणि वजन उणे २१०,३१,२३,७७८ होतं. असला आकडा कोणीही पकडतो. उरलेले १० बाइट नोंदीच्याही बाहेर जातात. नोंदींचा अ‍ॅरे असेल तर ते पुढच्या शेतकऱ्याच्या गावावर बसतात. नोंद फंक्शनच्या आत लोकल असेल तर स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) जातात आणि "स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड" असा संदेश देऊन प्रोग्रॅम थांबू शकतो. प्रोग्रॅम थांबला तर ते नशीब समजा. १८१ हा आकडा मात्र खरा वाटतो. पट्टी फाडून शेतकऱ्याच्या हातात जाते, पैसेही त्याच वजनाचे निघतात.

"आमच्याकडे नीट चालतं, दुकानातल्या मशीनवरच बिघडतं" ही तक्रारही इथेच सुटते. व्याख्येनुसार अशा कोडचं वर्तन ठरलेलंच नाही. उबंटूवर जीसीसी या कंपायलरला ओ-२ ही ऑप्टिमायझेशनची सूचना लावून कंपाइल केलं तर स्ट्रकॉपीच्या जागी तपासणी करणारी आवृत्ती बसते आणि "बफर ओव्हरफ्लो डिटेक्टेड" म्हणून प्रोग्रॅम बंद पडतो. ऑप्टिमायझेशनची कोणतीच सूचना नसेल तर ती तपासणी होत नाही आणि १८१ छापलं जातं. कोड तोच असतो, फक्त कंपाइल करण्याची आज्ञा वेगळी.

पहिली दुरुस्ती, जी दुरुस्ती नाही

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "स्ट्रएनकॉपी वापर, त्यात एन आहे", म्हणजे जास्तीत जास्त किती बाइट ते सांगता येतं.

    स्ट्रएनकॉपी(न.गाव, नाव, २०);

आता वजन ४२५० च राहतं. पण पट्टीवर गाव छापलं जातं "कोरेगाच".

हे टायपिंगमधलं काही नाही. स्ट्रएनकॉपीने बरोबर २० बाइट कॉपी केले आणि नल ठेवलाच नाही, कारण स्रोत २० किंवा त्याहून लांब असेल तर ते नल ठेवत नाही. छापणारं फंक्शन नल सापडेपर्यंत वाचत जातं. २० बाइट संपले तेव्हा त्याच्या हातात "व" चे पहिले दोन बाइट, २२४ आणि १६४, होते. पुढचा बाइट वजनाचा पहिला, १५४. आणि २२४, १६४, १५४ म्हणजे "च". वजन ४२५१ असतं तर "कोरेगाछ" छापलं असतं, ४२४९ असतं तर "कोरेगाङ". गावाचं शेवटचं अक्षर वजनाबरोबर बदलताना दिसलं तर दुसरीकडे शोधू नका, हेच कारण आहे.

स्ट्रएनकॉपीला दोष देण्यातही अर्थ नाही. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये डिरेक्टरीतल्या प्रत्येक फाइलच्या नावाला १४ बाइटांचा ठरावीक खण असे. नाव लहान असेल तर उरलेला खण नलने भरायचा, नाव बरोबर १४ चं असेल तर नल नाही. त्या कामाला हे फंक्शन चपखल बसतं. उरलेला सगळा खण नलने भरण्याची सवय त्याला तिथूनच आहे. ४०९६ च्या बफरमध्ये "मिरज" टाकलं तरी ते उरलेल्या ४०८४ जागांवर नल लिहीत बसतं. ठरावीक रुंदीच्या फाइलीतला खण भरायचा असेल तर आजही ते वापरावं. मजकुराच्या सुरक्षित कॉपीसाठी ते बनवलेलंच नाही.

दुसरी आणि तिसरी दुरुस्ती

पुढची पायरी म्हणजे १९ बाइट कॉपी करून विसावी जागा हाताने नल करायची. मेमरीच्या दृष्टीने हे सुरक्षित आहे. पट्टीवर मात्र "कोरेगा" आणि त्यापुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह किंवा रिकामा चौकोन येतो, कारण १८ बाइटांनंतर "व" चा एकटा पहिला बाइट उरला. छापण्यापुरतं ते खपून जाईल. तोच मजकूर पुढे पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये गेला तर यूटीएफ-८ चुकीचा आहे म्हणून नोंदच नाकारली जाते, आणि तेव्हा शोध सुरू होतो भलत्याच ठिकाणी.

अर्धं चिन्ह काढून टाकणं सोपं आहे. जिथे कापायचं त्या जागेवरचा बाइट १२८ ते १९१ यांच्या दरम्यान असेल तर तो चिन्हाच्या मधला बाइट आहे. एक एक जागा मागे सरकत जा. या कक्षेबाहेरचा बाइट मिळाला की तिथे नल ठेवा. एक खाच लक्षात ठेवा: नेहमीच्या पीसीवर साधा "चार" हा प्रकार चिन्हांकित (ऋण किमतीही धरणारा) असतो, म्हणून १६४ हा बाइट तुलनेत उणे ९२ दिसतो आणि "१२८ पेक्षा मोठा" ही अट कधीच खरी ठरत नाही. तुलनेआधी अनसाइन्ड चारमध्ये बदलून घ्या.

आता "कोरेगा" स्वच्छ छापलं जातं. तरी काम झालं असं मानू नका. याच नियमाने "सांगलीवाडी" २० बाइटांच्या खणात काय होते ते पाहा. ३० बाइटांचं नाव, त्यातली पहिली ६ चिन्हं राहतात. खणात उरतं "सांगली". नदीपलीकडचा शेतकरी कागदावर नदीअलीकडे आला. कचरा नाही, प्रश्नचिन्ह नाही, प्रोग्रॅम पडत नाही, आणि नोंद खोटी आहे. ती खोटी आहे हे त्या नोंदीकडे बघून कोणालाही कळणार नाही.

म्हणून सुरक्षित कॉपी म्हणजे "बफर फुटला नाही" एवढंच नव्हे. कॉपीच्या प्रत्येक ओळीला तीन गोष्टी माहीत हव्यात: जागा किती बाइटांची, मजकूर किती बाइटांचा, आणि बसला नाही तर काय करायचं. तिसरी गोष्ट कोणतंही फंक्शन तुमच्यासाठी ठरवू शकत नाही. पडद्यावरच्या अरुंद रकान्यात नाव दाखवायचं असेल तर कापा. गाव, शेतकऱ्याचं नाव, खाते क्रमांक, फाइलचा पाथ, यांपैकी काहीही कापू नका. नाकारा आणि वापरणाऱ्याला सांगा.

चालणारी दुरुस्ती

    इंट मजकूर_भर(चार *कुठे, साइज_टी जागा, कॉन्स्ट चार *काय)
    {
        साइज_टी लांबी;

        इफ (जागा == ०)
            रिटर्न -१;
        लांबी = स्ट्रलेन(काय);
        इफ (लांबी >= जागा) {
            कुठे[०] = '\०';
            रिटर्न -१;
        }
        मेमकॉपी(कुठे, काय, लांबी + १);
        रिटर्न ०;
    }

तुलना "मोठं किंवा बरोबर" अशीच हवी. नुसतं "मोठं" लिहिलं तर लांबी बरोबर २० असताना नल एकविसाव्या जागेवर जातो. एका बाइटाची ही चूक सगळ्यात जास्त वेळा होते. बसत नसेल तर आधी खण रिकामा करायचा, म्हणजे कोणी उत्तर तपासायला विसरलं तरी जुन्या शेतकऱ्याचं गाव नव्या पट्टीवर येत नाही. मेमकॉपीत "अधिक १" आहे तो नलसाठी.

वापरताना:

    इफ (मजकूर_भर(न.गाव, साइजऑफ न.गाव, नाव) != ०)
        रिटर्न गाव_लांब_आहे;

इथे २० हा आकडा पुन्हा हाताने लिहू नका. उद्या स्ट्रक्टमध्ये ६४ केलं आणि इथे २० राहिलं, किंवा उलट झालं, की आपण पुन्हा पहिल्या परिच्छेदात.

स्वतःचं फंक्शन नको असेल तर एसएनप्रिंटएफ आहे. सी-९९ पासून ते प्रमाणित आहे आणि जागा शून्य नसेल तर नल नक्की ठेवतं. ते किती बाइट लिहायला हवे होते तो आकडा परत देतं. तो ऋण असेल तर चूक झाली आहे, जागेइतका अथवा जास्त असेल तर मजकूर कापला गेला आहे. फॉरमॅट नेहमी "%एस" असाच द्या आणि नाव त्यानंतर. नाव थेट फॉरमॅटच्या जागी दिलं आणि कोणी नावात टक्क्याचं चिन्ह टाकलं, तर फंक्शन अस्तित्वात नसलेली व्हेरिएबलं वाचायला जातं. विंडोजवर २०१५ च्या आधीचं व्हिज्युअल स्टुडिओ असेल तर त्यात सुरुवातीला अंडरस्कोर असलेलं जुळं फंक्शन आहे. मजकूर मोठा झाला की ते नल ठेवत नाही. जुन्या कोडमध्ये ते आधी शोधा.

स्ट्रएलकॉपी १९९८ मध्ये ओपनबीएसडीत आलं. जीलिबसी या लिनक्सच्या प्रमाण सी लायब्ररीत यायला २०२३ उजाडलं, २.३८ व्या आवृत्तीत. त्याआधीच्या लिनक्सवर लिबबीएसडी जोडावी लागते, आणि विंडोजवरच्या कंपायलरांत ते असेलच असं धरून चालू नका. फंक्शन चांगलं आहे, नल ठेवतं, स्रोताची पूर्ण लांबी परत देतं. पण ती लांबी काढायला स्रोत शेवटपर्यंत वाचतं. स्रोतालाच नल नसेल, उदाहरणार्थ तो स्ट्रएनकॉपीने भरलेला जुना खण असेल, तर ते खणाबाहेर वाचत सुटतं. वरच्या आपल्या फंक्शनलाही हीच मर्यादा आहे, कारण त्यात स्ट्रलेन आहे.

नावाच्या शेवटी अंडरस्कोर-एस लावलेली फंक्शनं सी-११ मध्ये ऐच्छिक परिशिष्टात आहेत आणि जीलिबसीने ती घेतलेलीच नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर मजकूर बसला नाही तर ती मूळ सेटिंगमध्ये प्रोग्रॅमच बंद करतात. फक्त विंडोजसाठी लिहीत असाल तरच त्यांचा विचार करा.

टर्बो सी वर असाल तर एसएनप्रिंटएफ मिळणार नाही, पण वरचं फंक्शन चालेल, त्यात स्ट्रलेन आणि मेमकॉपी यांशिवाय काही नाही. तिथे इंट २ बाइटांचा असतो, म्हणून आकडे इथल्यापेक्षा वेगळे बिघडतील.

खण किती मोठा ठेवायचा

चिन्हांची जास्तीत जास्त संख्या गुणिले ३, अधिक १. गावाच्या नावाला ४० चिन्हं धरली तर १२१, म्हणून १२८ ठेवा. शेतकऱ्याचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव यांना ८० चिन्हं धरली तर २४१, म्हणून २५६. यात कंजूषी करून हल्लीच्या मशीनवर काहीच वाचत नाही.

अगदी मोजून मापून खण ठेवणाऱ्यांना कऱ्हाड हे नाव अडवतं. एका कीबोर्डवर "ऱ" हे एकच चिन्ह टाइप होतं आणि नाव १८ बाइटांचं होतं. दुसऱ्यावर "र" आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं पडतात आणि तेच नाव २१ बाइटांचं होतं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. २० च्या खणात एक बसतं, दुसरं फुटतं. एका ऑपरेटरकडे चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्याकडे पडतो तेव्हा नाव पुन्हा टाइप करून घेऊ नका, आलेले बाइट मोजा. दोन रूपं वेगळी असल्यामुळे शोधातही ती जुळत नाहीत, पण तो वेगळा विषय.

आधीची डेटा फाइल

खण २० वरून १२८ केला की काम संपलं, असं वाटतं. नोंदी एफराइटने थेट फाइलीत लिहिल्या असतील तर नाही. जुनी नोंद २४ बाइटांची होती, नवी १३२ ची. जुनी फाइल नव्या प्रोग्रॅमने उघडली तर पहिल्या नोंदीच्या वजनापासूनच सगळं सरकतं. आधी फाइलची प्रत काढा. मग जुन्या स्ट्रक्टने वाचणारा आणि नव्या स्ट्रक्टने वेगळ्या फाइलीत लिहिणारा छोटा प्रोग्रॅम एकदाच चालवा. जुन्या खणातून वाचताना स्ट्रलेन वापरायची नाही, मेमसीएचआर वापरायचं: २० बाइटांत नल शोध, सापडला तर तेवढी लांबी.

न सापडला तर ती नोंद बिघडलेली आहे, हीच तिची खूण. स्ट्रकॉपीने फुटलेली असो वा स्ट्रएनकॉपीने नलाविना सोडलेली, गावाच्या वीसही जागा भरलेल्या असतात. अशा नोंदींची यादी वेगळी काढा. स्ट्रएनकॉपीच्या नोंदीत वजन शाबूत असतं, फक्त गाव दुरुस्त करावं लागतं. स्ट्रकॉपीच्या नोंदीत मूळ वजन फाइलीत कुठेच उरलेलं नसतं, ते काट्याच्या मूळ चिठ्ठीवरूनच भरावं लागतं. अंदाजाने भरू नका. ज्यांच्या घरचा माल आहे त्यांना ते आकडे द्यायचे आहेत.

मजकूर येतो कुठून

कीबोर्डवरून स्कॅनएफने "%एस" ला रुंदी न देता घेतलं तर ते ओळ कितीही लांब असली तरी घेणाऱ्या जुन्या गेट्स फंक्शनइतकंच उघडं आहे, आणि ते गेट्स सी-११ ने भाषेतूनच काढून टाकलं. १९८८ च्या मॉरिस वर्म या इंटरनेटवर आपोआप पसरलेल्या प्रोग्रॅमने एका सर्व्हरमधल्या ५१२ बाइटांच्या बफरवर गेट्समधूनच जास्तीचा मजकूर लोटला होता. एफगेट्स वापरा. त्याला १२८ दिलं तर ते जास्तीत जास्त १२७ बाइट घेतं आणि नल ठेवतं. शेवटची नवी ओळ मात्र मजकुरातच राहते, ती काढा. ती नसेलच तर एकतर ओळ पूर्ण आलेली नाही, उरलेला भाग पुढच्या वाचनात येईल, नाहीतर इनपुट संपलं आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याच्या इंडिकेटरकडून सीरियल पोर्टवर येणाऱ्या बाइटांना नल नसतोच. रीड या फंक्शनने जितके दिले तितकेच खरे. ६४ च्या बफरला ६३ च मागा, आणि उत्तर शून्यापेक्षा मोठं असेल तर त्या जागेवर स्वतः नल ठेवा. उत्तर न तपासता ठेवला आणि रीड चुकून उणे १ आलं, तर नल बफरच्या आधीच्या बाइटवर जातो.

सगळी नावं "को" आणि चौकोन अशी छापली जात असतील

याचं कारण जवळपास नेहमी एकच. फंक्शनच्या पॅरामीटरमध्ये "चार गाव[२०]" असं लिहिलं तरी आत तो पॉइंटरच, म्हणजे मेमरीतला नुसता पत्ता, असतो. त्याचा साइजऑफ ६४ बिटांच्या मशीनवर ८. एसएनप्रिंटएफला ८ मिळाले, त्याने ७ बाइट आणि नल लिहिला: दोन चिन्हांचे ६ बाइट आणि तिसऱ्याचा एक तुटका. कोरेगावचं "को", सांगलीचं "सा", आणि पुढे चौकोन. मिरजेचं "मि". साइज नेहमी वेगळा पॅरामीटर म्हणून द्या आणि जिथे अ‍ॅरे खरोखर अ‍ॅरे आहे तिथेच साइजऑफ काढा.

उलट बाजूची चूक मेमरी मागून घेणाऱ्या मॅलॉकची: स्ट्रलेन इतकीच जागा मागितली, नलसाठी अधिक १ विसरलं. मॅलॉक बहुधा जागा थोडी वाढवून देतं, म्हणून काही नावांना चालतं आणि काहींना महिनाभराने फ्री करताना प्रोग्रॅम पडतो. स्ट्रडप हा हिशोब स्वतः करतं आणि सी-२३ पासून ते प्रमाण भाषेतही आहे. मिळालेला पॉइंटर नल आहे का, म्हणजे जागा मिळालीच नाही का, ते पाहा आणि शेवटी फ्री करा.

नावापुढचे स्पेस काढायला त्याच बफरमध्ये एक जागा पुढून स्ट्रकॉपी करणारे बरेच आहेत. स्रोत आणि ठिकाण एकमेकांवर येत असतील तर स्ट्रकॉपी, मेमकॉपी, एसएनप्रिंटएफ यांपैकी काहीही वापरायचं नाही. तिथे मेममूव्ह. जोडकामात स्ट्रएनकॅटला दिला जाणारा आकडा एकूण जागेचा नसतो. तो उरलेल्या जागेचा असतो, आणि नल त्याव्यतिरिक्त. म्हणून जागा वजा सध्याची लांबी वजा १.

रकाने वाकडे येण्याची तक्रारही बाइटांचीच. "%-२०एस" मधले २० हे बाइट आहेत. सांगलीपुढे २ स्पेस येतात, मिरजेपुढे ८, आणि आकडे एकाखाली एक बसत नाहीत. मेमरीला धोका नाही, फक्त रुंदी स्वतः मोजून स्पेस छापावे लागतात.

चूक पकडायची कशी

बाइट मोजायला टर्मिनलवर प्रिंटएफने नाव छापून ते डब्ल्यूसीला वजा-सी लावून द्या. एको वापरलं तर नव्या ओळीचा एक बाइट जास्त दिसतो. बाइट प्रत्यक्ष बघायचे तर ओडीला वजा-टी यू१ द्या, ते इथे लिहिल्यासारखे दशमानात दिसतात.

वजन कोण बदलतंय हे अंदाजाने शोधू नका. वजा-जी लावून कंपाइल करा, जीडीबी या डीबगरमध्ये वजन भरलं जातं त्या ओळीनंतर थांबा, आणि न.वजन वर वॉच लावा. ज्या क्षणी कोणी त्या ४ बाइटांवर लिहील, त्या क्षणी जीडीबी थांबेल. बीटी (कोणत्या ओळीतून इथे आलो ते दाखवणारी आज्ञा) दिलं की स्ट्रकॉपीची ओळ समोर. दोन मिनिटांचं काम आहे.

जीसीसीच्या डब्ल्यू-ऑल, डब्ल्यू-एक्स्ट्रा आणि ओ-२ या तिन्ही सूचना एकत्र द्या. लांबी कंपाइल करतानाच कळत असेल तर ओव्हरफ्लोचा इशारा मिळतो, आणि ८ व्या आवृत्तीपासून स्ट्रएनकॉपीने नल सुटत असल्याचाही. नाव कीबोर्डवरून येत असेल तर कंपायलरला काही कळणार नाही, तिथे चाचणीच हवी.

अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (चालू प्रोग्रॅममधल्या मेमरीच्या चुका पकडणारी कंपायलरची सोय) वापरत असाल तर एक गोष्ट माहीत असू द्या. कवठेमहांकाळचा लोकल नोंदीबाहेर गेलेला ओव्हरफ्लो तो ओळीच्या नंबरासकट पकडतो. कोरेगावचा नाही. ते दोन बाइट त्याच स्ट्रक्टच्या आत, गावाकडून वजनाकडे गेले, आणि एका स्ट्रक्टच्या आतली हद्द तो नेहमीच्या वापरात पाहत नाही. तो गप्प राहिला म्हणून कोड बरोबर ठरत नाही. चाचणीला खणाच्या हद्दीवरची नावं द्या: जागेपेक्षा एक बाइट कमी, बरोबर जागेइतकं, एक जास्त. देवनागरीच्या तीन-तीनच्या पटीत हे तिन्ही आकडे जमत नाहीत, म्हणून शेवटी एक-दोन इंग्रजी अक्षरं जोडा. २० च्या खणाला "सांगली" आणि एक इंग्रजी अक्षर म्हणजे १९ बाइट, ते बसायला हवं. दोन अक्षरं म्हणजे २०, ते नाकारलं जायला हवं. प्रत्येक वेळी वजनही छापून पाहा.